कॉलेजच्या लॅबमधले पॅच: कधी, कुठे, कोणत्या क्रमानं

सकाळचे ९:४० झालेत. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल नुकतंच सुरू झालंय आणि लॅबमधून फोन येतो. "सर, ग्राफव्हिझ टाकायला घेतलं तर लॉक आहे म्हणतंय. एकावर नाही, सगळ्यांवर. आणि मशिनं पण जड झालीयेत."

कोणी काही बिघडवलेलं नसतं. उबुंटू या लिनक्समध्ये रोज सकाळी ६ वाजता सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसवणारा टायमर असतो आणि सगळी मशिनं एकदम तुटून पडू नयेत म्हणून तो प्रत्येक मशीनवर तासाभरात कधीही सुटतो. पण ६ वाजता लॅबला कुलूप असतं आणि मेन स्विच पाडलेला असतो. टायमर मात्र हुकलेली पाळी लक्षात ठेवतो आणि मशीन चालू झालं की ती भरून काढतो. ९:१५ ला साठ मशिनं चालू केलीत, की पुढच्या तासाभरात साठही मशिनं पॅच लावायला बसणार. वेळ तुम्ही ठरवली नव्हती, म्हणून ती मेन स्विचनं ठरवली.

कॉलेजात सिस्टम अ‍ॅडमिन म्हणून नुकतेच लागलेल्यांसाठी हा लेख आहे. "तुला लिनक्स येतं ना, मग आजपासून लॅब तुझ्याकडे" असं ऐकलेल्या तरुण प्राध्यापकांसाठीही. समोर धरलंय ते आपल्याकडच्या कुठल्याही मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सापडेल असं चित्र: साठ-साठ मशिनांच्या चार लॅब, सगळीकडे उबुंटू २२.०४, लॉगइन एलडॅपवरून, म्हणजे खात्यांच्या एकाच मध्यवर्ती यादीवरून, होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणाऱ्या सर्व्हरवर. विद्यार्थी एसएसएचनं, म्हणजे दुरून, येतात तो एक लॉगइन सर्व्हर, मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरचा, डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर, आणि एम.टेक.ची मुलं ज्यावरून भांडतात तो एक जीपीयूवाला.

एक फरक आधी स्पष्ट करून घेऊ. पॅच दुसऱ्याचा असतो, रिलीज आपलं असतं. चूक शोधून दुरुस्त करण्याचं काम डेबियन, उबुंटू किंवा मूळ प्रकल्पवाले करतात. त्यातल्या कोणत्या दुरुस्त्या एकत्र बांधायच्या, त्या गठ्ठ्याला काय नाव द्यायचं, आधी कुठे आणि मग कुठे लावायचा, फसलं तर मागे कसं यायचं, हे ठरवण्याचं काम आपलं. पॅच लावायला दहा मिनिटं लागतात. बाकीचा लेख उरलेल्या कामाबद्दल आहे.

पायरी १: काय काय आहे ते लिहून काढा

मशीन कोणतं, त्यावर कोणती आवृत्ती, तिचा आधार कधी संपतो, हे एका तक्त्यात घाला. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला ५ वर्षं सुरक्षेची अपडेट्स नेहमीसारखी मिळतात. २०.०४ ची मुदत मे २०२५ मध्ये संपली, २२.०४ ची २०२७ मध्ये संपेल, २४.०४ ची २०२९ मध्ये. २०.०४ वर राहिलेलं मशीन सापडलं, तर त्याच्या पॅचचं नियोजन करत बसू नका, ते उतरवायचं नियोजन करा.

तक्त्यात न दिसणारं जास्त त्रास देतं. पॅकेज व्यवस्थापकाच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याच्या उबुंटूच्या स्वतःच्या सोयीच्या, बाहेरून आलेली चीजवस्तू म्हणजे कोणीतरी ऑप्ट डिरेक्टरीत उतरवलेलं मॅटलॅब, एफपीजीए चिपच्या प्रॅक्टिकलसाठीचं व्हिवाडो, अ‍ॅनाकोंडा, वेबसाइटवरून घेतलेला एन्व्हिडियाचा ड्रायव्हर. यांना तुमची अपडेट्स पोचत नाहीत, पण तुमच्या अपडेट्समुळे ती मोडू शकतात. ही यादी एचओडींकडे नसते. लॅब असिस्टंटकडे असते, आणि तीही बऱ्याचदा डोक्यात. त्यांच्यासोबत चहा घेत तासभर बसा, वही उघडी ठेवून.

पायरी २: आधी शैक्षणिक कॅलेंडर, मग पॅचचं

कंपनीतल्या अ‍ॅडमिनला महिन्याचा एखादा शनिवार-रविवार मिळाला की भागतं. आपल्याकडे सत्र असतं, आणि सत्रातले सगळे आठवडे सारखे नसतात. भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा आणि आधी लाल पेन घ्या. युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकल आणि ओरल परीक्षा लाल. टीपीओंनी प्लेसमेंटच्या ऑनलाइन टेस्टसाठी लॅब मागितलेले दिवस लाल. बाहेरच्या संगणकीय परीक्षेचं केंद्र असेल तर ते दिवस आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असेल तर तो अख्खा आठवडा, कारण त्या आठवड्यात प्रोजेक्टर बंद पडला तरी तुम्हालाच विचारतात. लाल दिवसांत नेहमीचा कोणताही बदल करायचा नाही. अपवाद पुढे येईल.

आता हिरवा पेन. दोन सत्रांच्या मधली सुट्टी, म्हणजे डिसेंबरच्या शेवटचे आणि जूनचे आठवडे, मोठ्या रिलीजसाठी. नवी आवृत्ती, नवा कंपायलर, नवा पायथॉन, सगळं तेव्हाच. दिवाळीची सुट्टी सर्व्हरच्या डागडुजीला चांगली, फक्त शटरची किल्ली कोणाकडे आहे हे आधी विचारून ठेवा.

मधल्या काळात दर दोन आठवड्यांनी एक छोटं पॅच रिलीज. मी बुधवार धरतो. सोमवारी नव्या आठवड्याच्या तक्रारी असतात. शुक्रवारी लावलेला पॅच शनिवारी रात्री घरी फोन करतो. बुधवारी काही बिघडलंच तर निस्तरायला दोन दिवस हातात राहतात.

पॅच रिलीजमध्ये फक्त दुरुस्त्या जातील, नवं काही जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी जाहीर करा, कारण तो मोडायला लोक दुसऱ्याच दिवशी येतात. ऑगस्टच्या मध्यावर एखाद्या विषयाचे शिक्षक येऊन म्हणतील, "पायथॉन ३.१२ टाकून द्या ना, एका लायब्ररीला लागतंय." २२.०४ मध्ये सिस्टमचा पायथॉन ३.१० आहे आणि उबुंटूची स्वतःची हत्यारं त्याच्यावर उभी आहेत. तो बदलू नका. त्यांना वेगळ्या डिरेक्टरीत वेगळा पायथॉन द्या आणि सिस्टमचा बदल जूनच्या यादीत टाका. नकार द्यायचा आणि वर सोयही करून द्यायची, अशी दोन्ही कामं या नोकरीत एका दमात करावी लागतात.

पायरी ३: आलेल्या दुरुस्त्यांची चाळणी

डेबियन आणि उबुंटूच्या सुरक्षा सूचनांना ईमेल नोंदवून ठेवा. रोज पाच-दहा येतात आणि पहिल्याच आठवड्यात छातीत धस्स होतं. होऊ देऊ नका. बहुतेक सूचना तुमच्याकडे नसलेल्या पॅकेजच्या असतात. उरलेल्यांना चार टोपल्या: आज रात्री, येत्या बुधवारी, सुट्टीत, आणि गरज नाही.

प्रत्येक चुकीला तिच्या धोक्यानुसार १० पैकी गुण दिलेले असतात. टोपली त्या गुणांवरून ठरवू नका. ७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड बाहेर आला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली ती चूक सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्ड आणि खाजगी किल्ल्या बाहेर काढू शकत होती, आणि तेव्हाच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी ५ गुण होते. गुण सर्वसाधारण जगासाठी दिलेले असतात. तुमच्या कॅम्पससाठी चाळणी तुम्हीच लावायची.

कॅम्पसची चाळणी वेगळी असते आणि याबाबत मी जरा हट्टी आहे. सुरक्षेच्या सूचनेत "लोकल" असा शब्द आला, म्हणजे आधी मशीनवर खातं असलेल्यालाच हे जमेल, की कंपनीतला अ‍ॅडमिन थोडा सैल होतो. त्याच्याकडे मशीनवर खातं तिघांचं असतं. आपल्याकडे तीन हजारांचं. त्यातले निदान वीस जण हॉस्टेलवर रात्री दोन वाजता जागे असतात, हुशार असतात आणि त्यांना उद्या सबमिशन नसतं. साध्या खात्यावरून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येतं अशी कोणतीही चूक आपल्यासाठी "आज रात्री"च्या टोपलीत जाते.

२५ जानेवारी २०२२ ला पीकेएक्झेकमधली, म्हणजे दुसऱ्या खात्याच्या अधिकारानं आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली, चूक जाहीर झाली. सीव्हीई-२०२१-४०३४ हा सुरक्षेतल्या चुकांच्या जागतिक यादीतला तिचा क्रमांक, पण सगळे तिला पॉनकिट म्हणतात. २००९ पासून, म्हणजे पीकेएक्झेकच्या पहिल्या आवृत्तीपासून ती तिथेच बसलेली होती आणि जवळपास प्रत्येक लिनक्स डेस्कटॉपवर होती. वापरायला इतकी सोपी, की जाहीर झाल्यावर काही तासांत चालणारा प्रोग्रॅम फिरू लागला. आपल्याकडे ती रात्र होती आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २६ जानेवारी २०२१ ला, रूटच्या अधिकारानं आज्ञा चालवायच्या सुडो या प्रोग्रॅममधली बॅरन सॅमेडिट नावाची चूक जाहीर झाली होती, तीही जवळपास दहा वर्षं जुनी, तीही साध्या खात्याला रूट करणारी. तेव्हापासून मी २६ जानेवारीला कवायतीच्या मैदानावर जाताना लॅपटॉप सोबत नेतो.

अशा वेळी पॅचची वाट न बघता हातात काय आहे ते पाहा. पॉनकिटला पीकेएक्झेकच्या फाइलवरचा सेटयूआयडीचा, म्हणजे ती रूटच्या अधिकारानं चालवणारा, शिक्का काढला की धोका टळत होता. हा बदल एका ओळीत होतो, रीबूट लागत नाही आणि परत फिरवता येतो. परीक्षेच्या लाल आठवड्यातही असा तात्पुरता बांध घालता येतो आणि खरा पॅच लाल दिवस संपल्यावर लावता येतो. सूचनेत "मिटिगेशन" म्हणून जो परिच्छेद असतो तो सगळ्यात आधी वाचा. पण बांधाची किंमतही वाचा. जुलै २०२४ मध्ये एसएसएचची सेवा देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये रिग्रेशन नावाची चूक निघाली, तेव्हा लॉगइनसाठी थांबण्याची मुदत शून्य करा असा उपाय सांगितला होता. त्यानं घुसखोरी अडते, पण अर्धवट जोडण्यांनी सर्व्हर भरून टाकायला दार उघडं राहतं. लॉगइन सर्व्हरवर ते परवडत नाही, तिथे पॅचच लावायचा.

त्याच चुकीनं नवख्यांना एक धडा दिला. मूळ प्रकल्पानं दुरुस्ती ९.८पी१ मध्ये केली आणि अनेकांनी आपल्या मशीनवरचा आकडा बघून कपाळावर हात मारला: इथे तर ८.९पी१! पण उबुंटू आणि डेबियन स्थिर आवृत्तीत नवा आकडा आणत नाहीत, दुरुस्तीचा तेवढा तुकडा जुन्या आवृत्तीत शिवून देतात. २२.०४ मध्ये ती दुरुस्ती ८.९पी१ च्याच एका पुढच्या पॅकेजमधून आली. म्हणून पुढचा आकडा पाहू नका, शेवटची शेपटी पाहा, आणि पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, सीव्हीई क्रमांक शोधा. ऑडिटवाल्यांचा स्कॅनर बऱ्याचदा पुढचा आकडा बघूनच लाल शेरा मारतो. चेंजलॉगची ती ओळ छापून ठेवलीत तर अर्ध्या बैठका वाचतात.

आणि "नवीनतम ते सुरक्षिततम" हेही डोक्यातून काढा. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनं जगाला कळवलं, की एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवली आहे. त्यांना संशय आला तो एसएसएचच्या लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पोचलीच नव्हती. जे चाचणीच्या शाखेवर हौसेनं राहत होते, त्यांच्याकडे पोचली होती.

पायरी ४: गठ्ठा गोठवा, नाव द्या

प्रत्येक मशीन इंटरनेटवरून स्वतः अपडेट आणू लागलं, तर सोमवारी तपासलेलं आणि बुधवारी बसलेलं एकच असेल याची खात्री नाही. मधल्या दोन दिवसांत तिकडे काहीतरी नवं आलेलं असतं. वर २४० मशिनांनी प्रत्येकी ३०० एमबी ओढली तर ७२ जीबी होतात, तेही दिवसाच्या ऐन वेळी.

म्हणून कॅम्पसमध्ये पॅकेजांचा स्वतःचा मिरर, म्हणजे स्थानिक प्रत, ठेवा. अ‍ॅप्टली नावाचं हत्यार यासाठी चांगलं आहे. ते उबुंटूचा मिरर उतरवतं, त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेतं आणि तो कॅम्पसला वाढतं. दोन दारं करा, एक "चाचणी" आणि एक "सर्वांसाठी". सोमवारी स्नॅपशॉट घ्या, "चाचणी"च्या दाराशी ठेवा. बुधवारी तोच स्नॅपशॉट "सर्वांसाठी"च्या दाराशी हलवा. लॅबमधलं मशीन बाहेर बघतच नाही, ते फक्त आपल्या दाराकडे बघतं.

नाव साधं द्या: वर्ष, सत्र, पॅचचा क्रमांक, जसं २०२५-१-पॅच४. एखादे शिक्षक म्हणाले की गेल्या आठवड्यापासून प्रिंट येत नाहीये, तर पॅच३ आणि पॅच४ मध्ये काय बदललं हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

मिरर झाला की लॅबमधला तो सकाळचा टायमर बंद करा आणि त्याच्या जागी तुमच्या वेळेला चालणारा लावा. लॉगइन सर्व्हरवर मात्र सुरक्षेची आपोआप अपडेट्स मी चालूच ठेवतो, तीही थेट उबुंटूकडून. तिथे तीन हजार खाती आहेत, आणि एखादा पॅच वाकडा जाण्यापेक्षा तो दोन दिवस उशिरा लागण्याचा धोका मला मोठा वाटतो. मूडल आणि एनएफएसच्या सर्व्हरवर उलट: काहीही आपोआप नाही, समोर बसून, हातानं.

पायरी ५: रांगेनं सोडा

ही कल्पना जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटीनं डीईसी आणि आयबीएमच्या साथीनं प्रोजेक्ट अथेना सुरू केला. अख्ख्या कॅम्पसभर एकसारखी युनिक्स वर्कस्टेशनं, कुठेही बसा, तुमची फाइल तुमच्यासमोर. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो आणि नेटवर्कवर ओळख पटवणारं कर्बेरॉस तिथूनच निघाले. पॅच लावणाऱ्यांनी मात्र अथेनाच्या रिलीजच्या पायऱ्या बघाव्यात. नवं रिलीज आधी "क्रॅश अँड बर्न"च्या मशिनांवर जायचं, म्हणजे जळली तरी चालतील अशा. मग आल्फा, मग बीटा, मग ज्यांनी स्वखुशीनं मागितलंय ते "अर्ली", आणि शेवटी सगळ्यांना. सार्वजनिक वर्कस्टेशन कोणी बसलेलं नसताना स्वतःला अपडेट करायचं, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी सर्व्हरवर झेप घेऊ नये म्हणून वेळ विस्कटून देणारी डीसिंक नावाची छोटी सोयही होती. उबुंटूच्या टायमरमधला तो तासाभराचा ढिलेपणा याच जातीचा.

आपल्याला पाच पायऱ्या परवडत नाहीत, चार पुरतात. सोमवारी एक व्हर्च्युअल मशीन, जळलं तरी चालेल असं. सोमवारी संध्याकाळी तुमचा आणि लॅब असिस्टंटचा डेस्कटॉप. मंगळवारी प्रत्येक लॅबमधली एक रांग. बुधवारी बाकी सगळं.

अख्खी एक लॅब आधी करण्यापेक्षा प्रत्येक लॅबमधली एक रांग आधी करा. लॅब वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या असतात. एकीत जुने इंटेल, दुसरीत नवे रायझन, तिसरीत एन्व्हिडियाचं कार्ड. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकावर नाचतो आणि दुसऱ्यावर काळा पडदा दाखवतो. रांग करताना तिच्यावर चिकटपट्टी लावून "पॅच४ चाचणी" असं लिहा. पोरं आवडीनं तिथे बसतात आणि काही बिघडलं तर आपणहून सांगायला येतात.

टप्प्यांना वेळ लागतो अशी कुरकुर कोणी केली, तर १९ जुलै २०२४ ची आठवण करून द्या. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज मशिनांवर एकदम गेली आणि सुमारे ८५ लाख मशिनं निळ्या पडद्यावर अडकली. तासा-दीड तासात ती मागे घेतली होती, तरी.

पायरी ६: रीबूट, मेन स्विच आणि मामा

पॅच लागला म्हणजे तो चालू झाला असं नाही. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, मशीन मात्र जुन्यावरच चालत राहतं. २०० दिवस बंद न झालेला सर्व्हर अभिमानानं दाखवणारे लोक मला भेटलेत. त्या २०० दिवसांत आलेला कर्नलचा एकही पॅच तिथे लागू झालेला नसतो. लायब्ररीचंही तेच, आधीपासून चालू असलेली प्रक्रिया जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसते. रीबूट हवं असेल तर उबुंटू रन डिरेक्टरीत "रीबूट-रिक्वायर्ड" नावाची फाइल ठेवतो, आणि कोणत्या सेवा जुन्यावर अडकल्यात ते नीडरीस्टार्ट सांगतो. बुधवारच्या यादीत या दोन्ही तपासण्या घाला.

लॅबमध्ये रीबूट सोपं वाटतं, कारण संध्याकाळी सगळं बंदच होतं. तिथेच मी एकदा तोंडावर आपटलो. पॅचची वेळ रात्री ८ ची ठेवली, मशिनं चालू ठेवायला सांगितली, नोटीस लावली, एचओडींची सही घेतली. शिपाईमामांना सांगायचं राहिलं. मामा सव्वाआठला नेहमीच्या फेरीला आले, लॅबमध्ये कोणी नाही आणि अठ्ठावन्न मशिनं चालू, म्हणून वीज वाया जाऊ नये म्हणून मेन स्विच पाडला आणि कुलूप लावून गेले. अगदी बरोबर केलं त्यांनी. सकाळी अठ्ठावन्न मशिनं पॅकेज अर्धं उघडलेल्या अवस्थेत. बहुतेकांवर अर्धवट राहिलेली मांडणी पूर्ण करण्याची डीपीकेजीची, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या हत्याराची, एक आज्ञा पुरली. सात मशिनांवर नव्या कर्नलची बूट प्रतिमा अर्धीच लिहिली गेली होती. ती मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून उठवावी लागली, एकेक करून, समोर प्रॅक्टिकलची बॅच उभी.

तेव्हापासून माझ्या यादीतली पहिली ओळ आहे: "मामांना सांगितलं का?" मेन स्विचवर लाल कागद चिकटवतो, तारीख आणि वेळ लिहून. आणि वेळ रात्री ८ ची नाही, संध्याकाळी ५:३० ची, मी स्वतः तिथे असताना.

सर्व्हरचा क्रमही ठरवून घ्या. एनएफएस खाली गेला की त्यावर टेकलेलं प्रत्येक मशीन लटकतं, नुसतं डिरेक्टरीत काय आहे विचारलं तरी. म्हणून आधी लॅब बंद, मग लॉगइन सर्व्हर, शेवटी एनएफएस. उठवताना उलट.

पायरी ७: परतीची वाट आधी

अ‍ॅप्ट (उबुंटूचा पॅकेज व्यवस्थापक) पुढे जायला बनवलेलं आहे, मागे यायला नाखूश असतं. मागचा स्नॅपशॉट दाराशी आणून ठेवला तरी मशीन आपणहून खालची आवृत्ती घेत नाही. त्या स्रोताची पिन-प्राधान्यता, म्हणजे त्याला किती पसंती द्यायची तो आकडा, १००० च्या वर न्यावी लागते, तेव्हाच ते मागे जायला तयार होतं. ही युक्ती गरज पडायच्या आधी व्हर्च्युअल मशीनवर एकदा करून बघा.

लॅबच्या मशिनाबद्दल फार हळवं होऊ नका. होम डिरेक्टरी सर्व्हरवर आहे, मशीनवर जपण्यासारखं काही नाही. क्लोनझिलानं घेतलेली अख्ख्या डिस्कची चांगली इमेज ठेवा आणि बिघडलेल्या मशीनवर ती अर्ध्या तासात पुन्हा उतरवा. सर्व्हरचं तसं नाही. मूडलच्या पॅचआधी डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा, आणि तो दुसरीकडे उतरवून उघडतो का हेही बघायचं. व्हर्च्युअल मशिनाचा स्नॅपशॉट हा जोडीला, बॅकअपच्या ऐवजी नाही.

जुना कर्नल पुसू नका, निदान एक मागचा ठेवा. जीपीयूवाल्या सर्व्हरवर तर कर्नल आणि एन्व्हिडियाचा ड्रायव्हर अडवूनच ठेवा आणि दोन्ही एकत्रच सोडा. ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्यानं बांधावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सहीही लागते. ते चुकलं की सर्व्हर उठतो, लॉगइन होतं, सगळं छान दिसतं, फक्त जीपीयू सापडत नाही. आणि ते तुम्हाला आधी कळत नाही, ज्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग चालू होतं त्याला कळतं.

काही वेळा पहिली दुरुस्तीच अपुरी निघते. सप्टेंबर २०१४ मध्ये आज्ञा चालवणाऱ्या बॅश शेलमधला शेलशॉक जाहीर झाला, पॅच आला, लोकांनी धावत लावला, आणि लगोलग कळलं की त्यातून अजून वाट राहतेय. काही दिवसांत पुन्हा पॅच. "आज रात्री"ची टोपली रिकामी झाली की लगेच झोपी जाऊ नका, तिच्यावर आठवडाभर लक्ष ठेवा. आणि पॅच लागण्याआधीच कोणी घुसलेलं आढळलं, तर काम पॅचचं राहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशी घटना ६ तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय. म्हणून मशीन घाईनं पुसून त्यावर पुन्हा इमेज उतरवू नका, आधी लॉग बाजूला काढा.

पायरी ८: नोटीस

नोटिशीत तुम्ही काय केलं ते लिहू नका, वाचणाऱ्यानं काय करायचं ते लिहा. मी लावतो ती साधारण अशी:

"बुधवार, संध्याकाळी ५:३० ते ७:००, लॅब १ ते ४ बंद राहतील. ५:२५ पूर्वी फाइल सेव्ह करून लॉगआउट करावे. लॉगइन सर्व्हर ६:०० ते ६:२० बंद राहील, त्यावर चालू असलेले प्रोग्रॅम थांबतील. मूडल चालू राहील. गुरुवारी काही अडले तर मशीनचा नंबर आणि पडद्याचा फोटो घेऊन सर्व्हर रूममध्ये यावे."

सीव्हीई क्रमांक, पॅकेजची नावं, काही नाही. ते तुमच्या रजिस्टरमध्ये. नोटीस सोमवारी लावा, दारावर आणि वर्गप्रतिनिधींच्या ग्रुपवर. "सेव्ह करा" हे ठळक. तरी एक जण येणारच, असाइनमेंट गेली म्हणून. त्याला ओरडू नका. एनएफएसवर रात्रीचे स्नॅपशॉट ठेवले असतील तर कालची फाइल काढून द्या.

पायरी ९: गुरुवारची सकाळ

९:०० ला लॅबमध्ये पोचा. मामांसोबत स्विच चालू करा आणि मशिनं उठताना आवाज ऐका. एखादं उठत नसेल तर आधी कानाला कळतं. वेगवेगळ्या रांगांतली तीन मशिनं निवडा आणि त्यांवर अ‍ॅडमिन म्हणून नाही, विद्यार्थ्याच्या साध्या खात्यानं लॉगइन करा. होम डिरेक्टरी दिसते का, सी प्रोग्रॅम कंपाइल होऊन चालतो का, ब्राउझरमध्ये मूडल उघडतं का, एक पान प्रिंट होतं का. सगळ्या मशिनांवर कोणता कर्नल चालू आहे ते अ‍ॅन्सिबलनं एकदम विचारा. २४० पैकी २३१ नवा सांगतील, पाच बंद असतील, चार जुना सांगतील. त्या चारांचे नंबर लिहून घ्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रीबूट करा. जी पाच बंद होती ती चालू झाल्यावर मागाहून पॅच घेतील, म्हणून त्यांच्यावर आज चिठ्ठी.

मग रजिस्टर: रिलीजचं नाव, तारीख, कोणत्या सूचना मिटल्या, काय बिघडलं, कोणती मशिनं राहिली, मागे यावं लागलं का. अ‍ॅप्टचा इतिहासाचा लॉग मशीनवर असतोच, पण काय बिघडलं ते त्यात नसतं.

जाताना दारावरची नोटीस आणि मेन स्विचवरचा लाल कागद काढून घ्या. जुना कागद तसाच राहिला, तर पुढच्या बुधवारी मामा नवाही वाचणार नाहीत.